विद्येचा प्रामाणिक उपासक : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

पुण्यात भांडारकर रस्ता आहे, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांना भांडारकरांची दोन पाठ्यपुस्तके निदान नावाने तरी ठाऊक असतात. एवढे असूनही भांडारकर कोण होते असे विचारले, तर ‘मोठे संस्कृत पंडित’ यापलीकडे आमच्यापैकी बहुतेकांचे उत्तर जात नाही. मोठ्या माणसांचे असेच होते. रस्त्याला नाव दिले की माणूस विसरायला आपण मोकळे होतो.

त्यांच्या चरित्राकडे मी वळलो तो मात्र निराळ्याच कारणाने. महाविद्यालयांतून होणारी कॉपी, एकाच वहीवरून उतरून काढलेले वर्गभराचे गृहपाठ, दुसऱ्याच्या लेखातले उतारे आपले म्हणून खपविणे, या गोष्टींवर हल्ली फार बोलले जाते. आता तर खिशातल्या मोबाईलला प्रश्न विचारला की पाच मिनिटांत निबंध तयार मिळतो. यावर उपाय म्हणून कडक पहारा, भरारी पथके, दंड, नापास करणे यांची चर्चा होते. ही चर्चा ऐकताना मला वाटू लागले, की चोरी कशी पकडावी हे आपण पुष्कळ बोलतो, पण अभ्यासातला प्रामाणिकपणा म्हणजे नेमके काय आणि तो शिकवावा कसा, हे फारसे कोणी सांगत नाही. भांडारकरांच्या आयुष्यात मला या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडले. ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव पत्की. पूर्वजांपैकी कोणी खजिन्यावर अधिकारी होते, त्यावरून ‘भांडारकर’ हे नाव रूढ झाले. नावात भांडार असले तरी घरात ते नव्हते. वडील महसूल खात्यात कारकून होते आणि त्यांची बदली रत्नागिरीला झाल्यामुळेच मुलाला इंग्रजी शाळेत जाता आले. बदली दुसऱ्या एखाद्या आडगावी झाली असती, तर हा मुलगा कदाचित वडिलांसारखाच कारकून झाला असता. रत्नागिरीचे शिक्षण संपवून ते मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. दादाभाई नौरोजी त्याच सुमारास तेथे गणित शिकवीत असत.

१८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि त्यांच्याबरोबर भांडारकरही होते. पुढच्याच वर्षी ते एम.ए. झाले. या पहिल्या पदवीधरांपुढे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका नव्हत्या, तयार उत्तरे नव्हती, ‘अपेक्षित प्रश्नसंच’ नव्हते. नक्कल करायला आधी कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. त्यांच्या वेळी वाट दाखविणारे कोणी नव्हते आणि वाट चोरण्याचीही सोय नव्हती, असे थोड्या विनोदाने म्हणता येईल.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. ज्या विषयाने भांडारकरांना जगभर कीर्ती मिळवून दिली, त्या संस्कृतकडे ते बऱ्याच उशिरा वळले. कॉलेजचा अभ्यासक्रम पुरा झाल्यावर, ‘फेलो’ म्हणून काम करीत असताना, त्यांनी शास्त्रीमंडळींपाशी बसून व्याकरण आणि न्याय यांचा अभ्यास केला. म्हणजे इंग्रजी पद्धतीची चिकित्सा आधी शिकले आणि परंपरेची विद्या नंतर. या दोहोंचा मेळ त्यांच्या ठिकाणी झाला. पाठशाळेतील शास्त्र्यांची उपस्थिती आणि चोख व्याकरणज्ञान त्यांनी आदराने घेतले. त्याबरोबर ‘हे कशावरून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मात्र सोडली नाही.

१८६४ साली ते सिंध प्रांतातील हैदराबादच्या हायस्कुलात मुख्याध्यापक झाले आणि तेथून लवकरच रत्नागिरीच्या हायस्कुलात आले. ज्या गावी शिकले त्याच गावी हेडमास्तर म्हणून परतले. याच काळात त्यांनी संस्कृतची ती दोन प्रसिद्ध पाठ्यपुस्तके तयार केली. त्यांचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळची रीत ध्यानात घेतली पाहिजे. संस्कृत शिकायचे म्हणजे प्रथम रूपावली घोकायची, अमरकोश पाठ करायचा, सूत्रे मुखोद्गत करायची. अर्थ समजायचा तो पुढे केव्हातरी. भांडारकरांनी ही घडी बदलली. थोडे नियम द्यायचे, थोडे शब्द द्यायचे आणि लगेच विद्यार्थ्याकडून वाक्ये करून घ्यायची : संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात. म्हणजे दर चार पानांनंतर विद्यार्थी स्वतःच्या पायावर उभा राहतो. त्याने नियम समजून घेतला की नुसता घोकला, हे त्याच्या वाक्यावरूनच कळते.

मला या पुस्तकांत शिक्षकाचा पहिला धडा दिसतो. नक्कल रोखण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे नक्कल करून भागणार नाही असे काम विद्यार्थ्याला देणे. ‘अमुक राजाच्या कारकिर्दीवर टीप लिहा’ असे दरवर्षी विचारले, तर दरवर्षी तीच टीप उतरली जाणार. ‘हा ताम्रपट वाचा आणि यावरून राजाविषयी काय म्हणता येईल व काय म्हणता येणार नाही ते सांगा’ असे विचारले, तर शेजारच्या वहीत पाहून फारसा लाभ नाही. अर्थात माणसाची बुद्धी पळवाट शोधण्यात कमी नाही. पुढे भांडारकरांच्या पुस्तकांतील वाक्यांची उत्तरे देणाऱ्या ‘की’ही बाजारात आल्याच. स्वतः विचार करायला लावणाऱ्या पुस्तकाचेही आपण गाईड करून टाकले!

येथे गाईडविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्याला अडले तर विचारायला घरी माणूस नसतो. माझ्या घरी तीच स्थिती आहे. अशा घरात गाईड हाच मास्तर होतो, आणि त्याबद्दल मला त्या पुस्तकांचा राग येत नाही. म्हणून गाईड जवळ बाळगणारा प्रत्येक जण अप्रामाणिक, असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. ज्याच्या घरी कपाटभर ग्रंथ आहेत त्याला प्रामाणिक राहणे सोपे जाते. दुसऱ्याच्याला तेच थोडे महाग पडते. ‘की’ उघडून आपले वाक्य ताडून पाहणे वेगळे आणि वाक्य न करताच ‘की’ उतरून काढणे वेगळे. हा फरक शिक्षकांनी एकदा वर्गात बसवून समजावून दिला, तर निम्मे काम होईल. पुष्कळांना तो फरक आहे हेच कोणी सांगितलेले नसते.

पुढे भांडारकर एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. विद्वत्ता, अनुभव, विद्यार्थ्यांचा आदर, सर्व काही होते. तरीही ती जागा कायम करण्याची वेळ आली तेव्हा ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांना मिळाली. पीटर्सन त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान होते. त्या काळच्या गोऱ्या राज्यात असे घडणे नवीन नव्हते, परंतु ज्याच्यावर ते येते त्याला ते नवीनच असते. आपण प्रामाणिकपणे राबलो तरी फळ दुसऱ्याच्या पदरात पडते, असे दिसल्यावर कित्येकांची श्रमांवरची निष्ठा उडते. आजही ‘अभ्यास करून काय मिळणार, वशिला असेल त्याचेच होणार’ असे आपण सर्रास ऐकतो, आणि कॉपीचे समर्थनही पुष्कळदा याच वाक्याने केले जाते.

भांडारकरांनी काय केले? त्यांनी काम चालू ठेवले, आणि त्यांचे महत्त्वाचे संशोधन याच अपमानाच्या वर्षांतले आहे. पुढे मुंबई सरकारने हस्तलिखित पोथ्यांच्या शोधाचे काम भांडारकर आणि पीटर्सन या दोघांकडे सोपविले, तेव्हा त्याच पीटर्सन यांच्या जोडीने त्यांनी ते वर्षानुवर्षे केले. १८८२ साली डॉ. कीलहॉर्न जर्मनीला परतले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील त्यांच्या जागी भांडारकर आले. तेथून ते १८९३ साली निवृत्त झाले. प्रामाणिक श्रमाचे फळ लगेच मिळते असे हे चरित्र सांगत नाही. फळ दहा वर्षे लांबले तरी काम खोटे करू नये, एवढेच ते सांगते. मला तरी हे अधिक खरे वाटते.

आता त्यांच्या संशोधनाकडे वळू. १८७० च्या सुमारास एका पारशी गृहस्थाने त्यांच्याकडे एक ताम्रपट वाचण्यासाठी आणून दिला. जुनी लिपी त्यांना त्या वेळी येत नव्हती. ‘येत नाही’ म्हणून परत पाठविणे किंवा ‘येते’ असे भासवून काहीतरी ठोकून देणे, हे दोन सोपे मार्ग होते. त्यांनी तिसरा धरला. प्राचीन लिपींवरची पुस्तके मिळविली, अक्षरे जुळविली आणि ताम्रपट वाचला. येथून ते शिलालेखांच्या अभ्यासात शिरले. १८७४ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठविला. ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, त्याच डोंगरात सातवाहन राजे, त्यांच्या माता आणि दानशूर व्यापारी यांची नावे कोरलेली आहेत. ही लेणी पांडवांनी खोदली असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. दगड जे सांगतो ते मांडायचे आणि जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालायचे नाही, ही शिस्त त्यांनी पहिल्यापासून पाळली.

दुसरे उदाहरण पतंजलीचे. व्याकरण महाभाष्य लिहिणारा पतंजली केव्हा होऊन गेला, हा त्या वेळी वादाचा प्रश्न होता. गोल्डस्टुकर या पंडिताने महाभाष्यातील एक उदाहरण पुढे आणले होते. यवनांनी साकेत नगराला वेढा दिल्याचा उल्लेख तेथे व्याकरणाच्या अशा रूपात येतो, की ती घटना बोलणाऱ्याच्या हयातीतली असली पाहिजे. भांडारकरांनी १८७२ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात लेख लिहून दुसरे उदाहरण दाखविले. सुरू झालेली पण अजून न संपलेली क्रिया समजावताना पतंजली पुष्यमित्राच्या यज्ञाचे उदाहरण देतो, तेव्हा तो यज्ञ चालू असतानाच हे लिहिले गेले असले पाहिजे. पुष्यमित्र शुंगाचा काळ ठाऊक आहे. म्हणून पतंजली इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यावर येतो. बर्लिनच्या वेबर या नामांकित पंडिताशी यावर त्यांचा वाद झाला. वेबरचे नाव फार मोठे होते आणि भांडारकर कायम जागाही न मिळालेले देशी शिक्षक. तरी त्यांनी नावाकडे न पाहता पुराव्याकडे पाहिले.

या लेखातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोल्डस्टुकरने काय शोधले आणि आपण काय नवीन शोधले, हे भांडारकर वेगवेगळे सांगतात. आधीच्या माणसाचे नाव घेतल्याने त्यांचे श्रेय कमी झाले नाही, उलट त्यांची भर नेमकी कोणती ते उठून दिसले. आपण मात्र नाव लपविले की श्रेय वाढते, अशा समजुतीत असतो. उसन्या पिठाची भाकरी केली तर पीठ शेजारणीचे हे सांगायला आमच्या घरच्या बायकांना कमीपणा वाटत नाही. मग उसना विचार घेतला तर तो कोणाचा हे सांगायला आपल्याला का वाटावा? पण ही सवय आपल्याला कोणी लावलेली नाही हेही खरे. वर्गात ज्या नोट्स सांगितल्या जातात, त्या कोणत्या पुस्तकातून घेतल्या हे बहुधा सांगितले जात नाही. आम्ही त्या उतरून घेतो, परीक्षेत पुन्हा उतरवितो आणि गुण मिळवितो. मग एके दिवशी आम्हांला सांगण्यात येते, की दुसऱ्याचे उतरून काढणे हा अपराध आहे. विद्यार्थी गोंधळणार नाही तर काय होईल? आमच्या प्राध्यापकांविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन, की तासाच्या शेवटी ‘हा विचार अमक्या ग्रंथातला, हा तमक्याचा आणि हे माझे मत’ एवढे तीन वाक्यांत सांगितले, तर प्रामाणिकपणावर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

१८८४ साली मुंबई गॅझेटियरसाठी त्यांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची पहिली पद्धतशीर मांडणी म्हणून हा ग्रंथ ओळखला जातो. तोवर आपला इतिहास म्हटला की शिवकालापासून सुरू व्हायचा आणि त्यामागे पुराणे. भांडारकरांनी शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि ग्रंथ यांचा मेळ घालून सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव असा क्रम लावला. इतिहासकाराने वकिलासारखे एका पक्षाची बाजू लढवू नये, न्यायाधीशासारखे दोन्हीकडचा पुरावा तोलावा, असे त्यांचे मत होते. ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८९५ साली निघाली, तेव्हा मधल्या काळात मिळालेल्या पुराव्यानुसार त्यांनी तो सुधारला. त्यांचे काही सन पुढच्या संशोधकांनी बदलले. सातवाहनांचा काळ तर अजून वादाचा आहे. परंतु भांडारकरांनी प्रत्येक विधानाचा आधार दिलेला असल्यामुळे त्यांची चूक दुसऱ्याला शोधता आली. आधार झाकून ठेवणाऱ्याची चूक सापडत नाही आणि म्हणून ती सुधारतही नाही.

१८८५ साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली. १८८६ साली ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. १८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते, त्याचेच कुलगुरुपद एकतीस वर्षांनी त्यांच्याकडे आले.

विद्वत्तेतला हा प्रामाणिकपणा ग्रंथापुरताच राहिला असता, तर मी तो अर्धाच मानला असता. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात मोठे रण माजले. मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणारा हा कायदा धर्माविरुद्ध आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. भांडारकरांनी धर्मग्रंथांचा आधार घेऊन हे मत खोडून काढणारा निबंध लिहिला. लोकमान्य टिळकांनी त्यांच्या अर्थनिर्णयावर कडक टीका केली. टिळकही काही लहान विद्वान नव्हते, आणि परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये या त्यांच्या म्हणण्यामागे अनेक लोक होते. भांडारकर सरकारला धार्जिणे आहेत असेही बोलले गेले. त्यांना पुढे १९११ साली ‘सर’ हा किताब मिळाला, तेव्हा त्या बोलण्याला जोर आला असल्यास नवल नाही. ते राजकारणात लढवय्ये नव्हते हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्याच १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला आणि ज्ञातीचा रोष पत्करला. ग्रंथात जो अर्थ सापडला तो त्यांनी लोकांच्या घरी सांगितला आणि स्वतःच्या घरी आचरला. मत लिहिणे आणि त्याची किंमत देणे यांत जे अंतर असते, ते त्यांनी ठेवले नाही.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची संशोधन संस्था स्थापन झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेला दिला. १९१९ साली पुण्यात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

ते गेल्यावरही त्यांची रीत चालू राहिली, याचे प्रमाण म्हणजे संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर या कामाचे प्रमुख संपादक झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या लिपींतून शेकडो पोथ्या जमविण्यात आल्या. ओळीओळीने त्या ताडून पाहिल्या. सर्वांत आधाराचा पाठ वर छापला आणि इतर पोथ्यांत काय आहे ते खाली तळटिपांत नोंदले. १९४३ साली सुखटणकर वारले, दुसऱ्यांनी काम पुढे नेले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. तिला पोथ्यांचा पुरेसा जुना आधार नाही असे दिसल्यावर संपादकांनी ती मूळ पाठातून काढून परिशिष्टात ठेवली. गणेशोत्सवाच्या पुण्यात बसून हे करायला धैर्य लागते. तरी त्यांनी ती कथा नाहीशी केली नाही. ती आहे, कोणत्या पोथ्यांत आहे आणि मूळ पाठात का घेतली नाही, हे सर्व वाचकापुढे ठेवले.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ साली कायदा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, साठ टक्क्यांवर असेल तर नोंदणीच रद्द, अशी त्यांत पायरीपायरीने तरतूद आहे. हे हवेच. पण याच नियमांतून गृहपाठ, प्रकल्प, निबंध आणि उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत. म्हणजे बी.ए.च्या विद्यार्थ्याच्या वहीतला प्रामाणिकपणा या नियमांच्या हाती नाही. परीक्षेच्या दालनाबाहेर तो पूर्णपणे वर्गातल्या शिक्षकाच्या हाती आहे. मला हे ओझे न वाटता आशेचे वाटते, कारण शिक्षकाला दंडाखेरीज दुसरेही पुष्कळ काही करता येते.

भांडारकरांच्या चरित्रावरून मला त्यातल्या काही गोष्टी सुचतात. विद्यार्थ्याला स्वतःचे वाक्य करावे लागेल असा प्रश्न घालावा. एकदा तरी मूळ साधन, मग तो शिलालेख असो, जुने पत्र असो की गावचा जुना दस्तऐवज असो, त्याच्या हाती द्यावे. कोणते मत कोणाचे ते वर्गात सांगावे. उतरून काढलेला गृहपाठ सापडला तर पहिल्या खेपेस तो फाडून टाकण्याऐवजी लिहिणाऱ्याला समोर बसवून दोन प्रश्न विचारावेत आणि पुन्हा लिहायला लावावा. समजून न घेता उतरविणारा त्या दोन प्रश्नांतच कळून येतो, आणि भीतीपोटी उतरविणाऱ्याला दुसरी संधी मिळते. त्यानंतरही जो खोटेच करील, त्याला नियमाप्रमाणे शिक्षा व्हावी, मग तो कोणाचाही मुलगा असो. आणि मोडक्यातोडक्या भाषेतल्या स्वतःच्या उत्तराला, गुळगुळीत उसन्या उत्तरापेक्षा दोन गुण अधिक द्यावेत.

या शेवटच्या मागणीवर आमच्यासारख्या कित्येकांचे सगळे अवलंबून आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला आपली भाषा अशुद्ध वाटते, आपले विचार कच्चे वाटतात. म्हणून तो छापील वाक्याच्या आड लपतो. त्याचे कच्चे वाक्य कोणी शांतपणे वाचले, खाली लाल शाईने नुसती फुली न मारता ‘हे कशावरून म्हणतोस?’ असे लिहिले, तर पुढच्या वेळी तो पुरावा शोधायला ग्रंथालयात जाईल. मालवणच्या कारकुनाचा मुलगा आयुष्यभर हाच एक प्रश्न स्वतःला आणि इतरांना विचारीत राहिला. आमच्या वह्यांच्या समासात तो प्रश्न दिसू लागावा, एवढीच आमच्या गुरुजनांना विनंती आहे. उत्तर शोधण्याचे कष्ट आम्ही करू.

– द्वितीय वर्ष, कला